मातीतल्या जिवाणूचं पेटंट मिळतं का?

प्रश्न : दिंडोरीजवळ माझी द्राक्षबाग आहे. बागेतल्या मातीतून वेगळा केलेला एक जिवाणू भुरी या बुरशीच्या रोगावर चांगला चालतो. त्याचं पेटंट मिळेल का?
– एक बागायतदार, जि. नाशिक

उत्तर : दादा, मातीत सापडला तसाच असेल, तर नाही. १९७०च्या पेटंट कायद्याचं कलम ३ निसर्गातल्या सजीवाच्या नुसत्या शोधाला पेटंट देत नाही. त्यापासून फवारणीचं मिश्रण केलंत, तर विचार होतो. पण परीक्षक विचारणार, घटक एकत्र आल्यावर बेरजेपेक्षा जास्त परिणाम होतो का? इथे आकडेच लागतात. ‘शेजारच्या बागेतही फरक पडला’ हे वाक्य एका अशिलाच्या अर्जात मीच राहू दिलं होतं, आक्षेप आलाच!

जिवाणू नवा असेल तर अर्जाआधी नमुना मान्यताप्राप्त सूक्ष्मजीव-संग्रहात ठेवा. पुण्यात सोय आहे. पेटंट मिळण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणीही लागते. अर्ज टाकला की तपासणी आपोआप होत नाही, ३१ महिन्यांच्या आत वेगळी विनंती करावी लागते.

आणि हो, कृषी प्रदर्शनात बाटली मांडायचा बेत असेल, तर आधी अर्ज टाका.