बॅटरी उतरते, आकडा हलत नाही

प्रश्न : एका लिथियम सेलवर एटीमेगा३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप थेट चालवतो. १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून मधला जोड ए० पिनला दिला आहे. मल्टिमीटरवर सेल ४.१ वरून ३.५ व्होल्टवर आलेला दिसतो, पण एडीसीचा (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा चिपमधला भाग) आकडा ५१२च्या, म्हणजे १०२४च्या निम्म्याच्या, आसपासच राहतो. पिन गेली असेल का?

उत्तर : पिन ठणठणीत आहे. एडीसी थेट व्होल्ट मोजत नाही. रेफरन्सच्या, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या व्होल्टेजच्या, किती पट व्होल्टेज आहे तेवढंच सांगतो. तुमच्याकडे रेफरन्स म्हणजे तोच सेल. सेल उतरला की पट्टीही तेवढीच आखडते, मग निम्म्याचं निम्मंच दिसणार.

उलटं मोजा. चिपच्या आत साधारण १.१ व्होल्टचा बँडगॅप, म्हणजे स्थिर व्होल्टेजचा स्रोत, आहे. पुरवठा उतरला तरी तो जवळजवळ हलत नाही. रेफरन्स पुरवठ्याचाच ठेवून हा बँडगॅप मोजा : मक्सचे (कोणती वाहिनी मोजायची ते निवडणारा स्विच) चार बिट १११०. वाहिनी बदलल्यावर २ मिलिसेकंद थांबा, पहिलं रीडिंग टाकून द्या, पुढच्या आठांची सरासरी घ्या.

पुरवठा = १.१ × १०२४ ÷ आकडा

४.२ व्होल्टला २६८ येतील, ३.३ ला ३४१. दोन्ही रेझिस्टर काढून टाका. ते रात्रंदिवस २० मायक्रोअँपिअर खातात.

कॅलिब्रेशन मात्र टाळू नका. हा १.१ चिपगणिक १.० ते १.२ असू शकतो, म्हणजे ४ व्होल्टला सुमारे एक तृतीयांश व्होल्टाइतकी चूक. मल्टिमीटर ३.९२ दाखवत असताना आकडा २९१ आला, तर २९१ × ३.९२ ÷ १०२४ = १.११४. सूत्रात १.१ ऐवजी हा आकडा घाला.

रेडिओ असेल तर तो पाठवत असतानाही मोजा; निवांत सेल खोटा दिलासा देतो. आणि १६ मेगाहर्ट्झला या चिपला साधारण ३.८ व्होल्ट लागतात. थेट सेलवर ८ मेगाहर्ट्झच बरे.

प्रश्न : माझ्या बोर्डवर ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर आहे. मलाही हेच चालेल?

उत्तर : नाही, सेल जवळजवळ संपेपर्यंत ३.३च दिसेल. इथे विभाजक (दोन रेझिस्टरची जोडी) हवाच : सेलकडे १ मेगाओहम, ग्राउंडकडे ३३० किलोओहम आणि रेफरन्स आतला १.१. ४.२ व्होल्टला पिनवर १.०४ येतात, गळती ३ मायक्रोअँपिअर. इतक्या मोठ्या रेझिस्टरमुळे एडीसीचा आतला कपॅसिटर वेळेत भरत नाही, म्हणून पिन ते ग्राउंड १०० नॅनोफॅरड लावा. एरेफ पिन (रेफरन्सची पिन) बाहेरून पुरवठ्याला जोडलेली असेल तर आधी ती सोडवा. आतला रेफरन्स तिच्याशी शॉर्ट होतो.