सांडपाण्यातलं प्लास्टिक जातं कुठे?

प्रश्न: सांडपाणी प्लांटमध्ये शुद्ध होतं ना, मग मायक्रोप्लास्टिक नदीत येतंच कसं?

उत्तर: मायक्रोप्लास्टिक म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा छोटे तुकडे, आणि त्यातले बरेचसे आपल्याच वॉशिंग मशीनमधून निघतात, २०११च्या एका अभ्यासात तर पॉलिस्टरच्या एकाच कपड्यातून एका धुण्यात १९००हून जास्त तंतू सुटलेले दिसले! चांगला प्लांट यातलं ९० टक्क्यांच्या वर अडवतो, पण रोज कोट्यवधी लिटर पाणी जातं म्हटल्यावर उरलेलंही काही कमी नसतं. आणि खरी गोम पुढेच आहे, अडवलेलं प्लास्टिक काही गायब होत नाही, ते खाली गाळात बसतं आणि तोच गाळ बऱ्याच ठिकाणी खत म्हणून शेतात टाकतात. म्हणजे पाण्यातून काढलं नि मातीत घातलं. त्यामुळे नुसतं बाहेर पडणारं पाणी तपासून भागत नाही, गाळही तपासावा लागतो.