‘अधीन’ की ‘आधीन’, आणि अधीन म्हणजे नेमके काय?

एका वाचकाने विचारले आहे की, प्रार्थनासभेच्या पत्रकावर ‘आत्मिक अधिकाराच्या आधीन राहण्याचे मोल’ असा विषय छापलेला होता. त्यात ‘आधीन’ हे लेखन बरोबर आहे का? आणि ‘अधीनता’ या शब्दाला गुलामीचा वास येत असल्यामुळे त्याऐवजी ‘शरणागती’ किंवा ‘समर्पण’ म्हणणे अधिक योग्य नाही का?

लेखनाचा प्रश्न थोडक्यात मिटतो. मूळ शब्द ‘अधीन’ असा ऱ्हस्व ‘अ’ने सुरू होणारा आहे. ‘स्व’ आणि ‘पर’ यांच्याशी त्याचा संधी होऊन ‘स्वाधीन’, ‘पराधीन’ असे शब्द झाले, आणि त्यांतला ‘आ’ मूळ शब्दाचाच आहे अशा समजुतीने ‘आधीन’ रूढ झाले असावे. जुने संस्कृत कोश ‘अधीन’ची फोड ‘इन’ म्हणजे धनी, त्याच्यापाशी आलेला, अशी करतात. ‘स्वाधीन’ची मराठीतली गत मात्र मौजेची आहे. हिंदीत स्वाधीन म्हणजे स्वतंत्र. आपल्याकडे चोराला पोलिसांच्या स्वाधीन करतात, आणि त्या ‘स्व’चा चोराशी काहीही संबंध उरलेला नसतो.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. शरण जाणे, समर्पण करणे, आज्ञा पाळणे आणि अधीन होणे या चार क्रिया मराठी माणूस सहसा एकमेकींत मिसळत नाही. शरण जायचे ते देवाला. पाळकाला किंवा बिशपांना ‘शरण गेलो’ असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्याला ते खटकते, आणि खटकावेच, कारण ख्रिस्ती श्रद्धेत ती जागा माणसाची नाही. समर्पणाचेही तसेच आहे. आज्ञा पाळणे हे एका विशिष्ट हुकुमापुरते असते आणि ते मनात चरफडतही करता येते. अधीन होणे ही मात्र एका व्यवस्थेत आपली जागा ओळखून तिथे उभे राहण्याची गोष्ट आहे, आणि ती व्यवस्था माणसांचीच असते. म्हणून पत्रकातल्या विषयाला ‘अधीन’ हाच शब्द योग्य आहे, आणि ‘शरणागती’ हा शब्द दिसायला गोड असला तरी माणसाच्या अधिकाराला नको तितका उंच नेऊन बसवणारा आहे, असे माझे मत आहे.

बायबलच्या नव्या करारात ज्या ग्रीक क्रियापदासाठी आपण ‘अधीन होणे’ वापरतो ते ‘हुपोतास्सो’ आहे. ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘तास्सो’ म्हणजे रचणे, नेमून देणे, सैन्याची मांडणी करणे. उपदेशाच्या ठिकाणी त्याचे जे रूप येते ते ‘स्वतःला एखाद्याच्या हाताखालच्या जागी ठेवणे’ असे घेता येते. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरातून नासरेथला परत जातो आणि आईबापांच्या अधीन राहतो, तिथेही हेच क्रियापद आहे. अधीन असणारा कमी योग्यतेचा असतो, असा अर्थ या शब्दात असता, तर लूकला तो तिथे वापरता आला नसता. मराठीत ‘अधीन करणे’ आणि ‘अधीन होणे’ यांत जो फरक आहे तो इथे जपला पाहिजे. अधीन होण्याचा उपदेश ज्याने व्हायचे त्याला उद्देशून आहे. मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना, मात्र प्रेषित पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात बजावतो की कळपावर धनीपण गाजवू नका, आणि त्याच दमात सर्वांनाच एकमेकांशी वागताना नम्रता कमरेला बांधायला सांगतो. तिथले ग्रीक क्रियापद गुलाम कामाच्या वेळी बांधत त्या वस्त्राच्या नावावरून आले आहे.

या विषयाचे मुख्य वचन म्हणून ज्याकडे बोट दाखवले जाते ते इब्री लोकांस पत्रातले तेराव्या अध्यायातले सतरावे, आपल्या पुढे चालणाऱ्यांचे ऐकून त्यांच्या अधीन राहायला सांगणारे वचन होय. तिथे ‘हुपोतास्सो’ नाही. पहिले क्रियापद ‘पेइथोमाइ’ आहे, ज्याचा मूळ अर्थ पटवून घेणे, विश्वास ठेवून ऐकणे असा आहे, आणि दुसऱ्याचा अर्थ वाट देणे, आपला हेका सोडणे असा आहे. ज्यांचे ऐकायचे त्यांच्यासाठी आलेला शब्द ‘पुढे चालणारे’ या अर्थाचा आहे. मराठीत त्याला ‘पुढारी’ म्हणता आले असते, पण तो शब्द राजकारणाने केव्हाच पळवला. ‘अधिकारी’ म्हटले की तहसील कचेरी डोळ्यांपुढे येते. त्या वचनात ऐकण्याचे कारणही दिलेले आहे: ते तुमच्या जिवांवर पहारा करतात आणि त्यांना हिशेब द्यायचा आहे. अधीन राहण्याचे मोल या ‘हिशेब’ शब्दात आहे. ज्याला कोणापुढे हिशेब द्यायचा नाही अशा माणसाच्या हाती स्वतःला देण्याचा हा उपदेश नव्हे.

कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमी अंमलदार, हीच गोष्ट शिपाईगड्याच्या भाषेत सांगतो. येशूने घरी येण्याची गरज नाही, नुसता शब्द बोलला तरी चाकर बरा होईल, असे म्हणताना तो कारण देतो की मी स्वतः अधिकाराखालचा माणूस आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. ‘ताबेदार’ हा शब्द त्याला चपखल बसतो. त्याच्या हुकुमाला वजन आहे ते तो स्वतः कोणाचा तरी ताबेदार असल्यामुळे.

‘अधिकार’ या शब्दाला मराठीत कचेरीबाहेरचाही एक अर्थ आहे, आणि आपल्या प्रवचनकारांनी तो अधिक वापरला पाहिजे. ‘तुकोबांचा अधिकार मोठा’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यांच्याकडे कुठले पद होते असे कोणाला वाटत नाही. साधनेने आलेली योग्यता असा तो अर्थ असतो. मार्कच्या पहिल्या अध्यायात लोक थक्क होतात ते येशू शास्त्र्यांसारखा, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या पंडितांसारखा नव्हे, तर अधिकार असल्यासारखा शिकवतो म्हणून, आणि शास्त्र्यांकडे पद तर होतेच.

आज्ञाधारकपणासाठी असलेला लॅटिन शब्द ‘ओबेदिएन्सिया’ ऐकण्याच्या धातूवरूनच आला आहे. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जो नियम लिहिला त्याचा पहिलाच शब्द ‘ऐक’ असा आहे. त्या नियमाला कडक म्हणतात आणि तो आहेही, पण त्याच्या तिसऱ्या प्रकरणात महत्त्वाच्या बाबतीत मठाधिपतीने सगळ्या बंधूंना बोलावून त्यांचे ऐकावे असे सांगितले आहे, कारण उत्तम ते प्रभू पुष्कळदा धाकट्याला प्रकट करतो. अडुसष्टावे प्रकरण तर अशक्य वाटणाऱ्या आज्ञेबद्दलच आहे: बंधूने ती आधी शांतपणे स्वीकारावी, मग योग्य वेळी, उर्मटपणा न करता, आपल्याला ती का झेपत नाही हे वरिष्ठाला सांगावे, आणि तरीही वरिष्ठ ठाम राहिला तर देवाच्या साहाय्यावर विसंबून ती पाळावी. म्हणजे गाऱ्हाणे मांडण्याची जागा अधीनतेच्या आतच ठेवलेली आहे. मराठीला हे परके वाटू नये. ‘पोरगं माझं ऐकत नाही’ या वाक्यात कानाचा दोष कोणी शोधत नाही. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थही ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. शिष्याच्या त्या इच्छेतून सेवा हा अर्थ आला आणि आज तो रुग्णाच्या खाटेपाशी येऊन थांबला आहे.

धर्मगुरू होण्याच्या कॅथलिक दीक्षाविधीत हा अर्थ डोळ्यांना दिसतो. वसईत किंवा गोव्यात ज्यांनी तो पाहिला असेल त्यांना आठवेल की उमेदवार बिशपांपुढे गुडघे टेकतो, आपले जोडलेले हात त्यांच्या दोन्ही तळव्यांमध्ये ठेवतो, आणि त्यांचा व त्यांच्या वारसांचा आदर राखण्याचे व आज्ञा पाळण्याचे वचन देतो. ‘वारसांचा’ हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पुढे कोण येणार हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. मग संतांची लितानी, म्हणजे एकेका संताचे नाव घेऊन केलेली विनवणी, चालू असताना तो जमिनीवर पालथा पडून राहतो. ज्या बिशपांच्या हातात त्याने हात दिले त्यांनीही आपल्या अभिषेकाच्या वेळी पोपशी आज्ञाधारक राहण्याचे वचन दिलेले असते. पुढे एखाद्या धर्मग्रामात, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या चर्चच्या हद्दीत, जीव रमलेला असताना बदलीचे पत्र येते, तेव्हा त्या वचनाची किंमत कळते.

या शब्दाची दुसरी बाजू पंडिता रमाबाईंनी मांडून ठेवली आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनीसंघात असताना त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढच्या दोन वर्षांत चर्चच्या अधिकारावरून त्या संघातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून खडाजंगी वाद झाला. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता पाद्री सांगतील ते सारे देवाचीच आज्ञा मानून दुसरे तसलेच जू घेणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांना उद्धट ठरवणे सोपे होते आणि तसे ठरवलेही गेले. पण याच रमाबाईंनी ख्रिस्ताला शेवटपर्यंत सोडले नाही, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो स्त्रियांचा भार वाहिला, आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवण्यात अखेरची वर्षे घालवली; ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. म्हणून त्यांच्या पत्रांकडे मी अधीनतेचा नकार म्हणून पाहत नाही. माणसाच्या अधीन होणे आणि देवाला शरण जाणे यांची गल्लत करायला त्यांनी नकार दिला, आणि ‘माणसांपेक्षा देवाचे ऐकले पाहिजे’ असे न्यायसभेपुढे सांगणाऱ्या प्रेषितांनीही तेच केले होते.

राहता राहिला या शब्दाचा घरगुती वापर. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातले बाविसावे वचन, पत्नींनी पतीच्या अधीन असावे असे सांगणारे, लग्नात हमखास वाचले जाते. सर्वांत जुन्या काही हस्तलिखितांत त्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते आदल्या वचनातून घ्यावे लागते, आणि ते आदले वचन ‘एकमेकांच्या अधीन व्हा’ असे आहे. तेव्हा पत्रकात ‘अधीन’ हा शब्द ठेवावा, ‘आ’ काढून ‘अ’ करावा, आणि वाचनाचा उतारा बाविसाव्याऐवजी एकविसाव्या वचनापासून छापावा.