मी बाईंना चालू दराने पैसे देते. मग त्यांच्या पगाराचा स्त्रीवादाशी काय संबंध?

तुम्ही लिहिलंय की धुणं-भांडी आणि केर-फरशीला सोसायटीतला चालू दर देता, तरी बाई पगारवाढ मागतायत. खरी मेख त्या 'चालू दरा'तच आहे.

तो ठरवतं कोण? आपणच. 'तुमच्याकडे किती घेतात हो?' असं शेजारी विचारून मीही वर्षानुवर्षं पगार ठरवला. आणि तो इतका कमी का, तर हेच काम आपल्या आया फुकट करत आल्या. घरकामाला मोल दिलं जात नाही, हे स्त्रीवादानेच ठणकावून सांगितलं. पण तेच काम दुसऱ्या बाईच्या हातात गेलं की आपण घासाघीस करतो. मुलगी दीड वर्षाची असताना मी नोकरीवर परतले, ती नवऱ्याने कामं वाटून घेतली म्हणून नव्हे. सकाळी सातला मावशी दारात हजर असायच्या म्हणून. त्या वेळी त्यांची मोठी मुलगी शाळा बुडवून धाकट्या भावाला सांभाळत होती. हे मला फार उशिरा कळलं, आणि अजून सलतं.

'खाडा' हा शब्दच बघा. आपली असते ती रजा, त्यांचा मात्र खाडा! चार घरी काम करणाऱ्या बाईला एका घरी सुट्टी मिळून उपयोग नाही, उरलेल्या तीन घरची भांडी तशीच पडलेली असतात. एकटीने बोलून काही हाती लागत नाही ते यामुळेच. पुण्यात १९८० साली घरकामगार बायका संपावर गेल्या, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढ आणि सुट्टी, तेव्हाही मागणं हेच होतं.

कायदा किती पाठीशी आहे? महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. पण तो नोंदणी आणि मदतीच्या योजनांचा. आपण किती पगार द्यायचा हे तो सांगत नाही. कर्नाटकाने मात्र २००४ मध्येच घरकामाला किमान वेतन लागू केलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला, त्याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात मात्र घरकामगार आहेत, म्हणजे आपलं स्वयंपाकघरही कुणाचं तरी कामाचं ठिकाण आहे हे तिथे मान्य झालंय. ही मला मोठी गोष्ट वाटते.

'आम्ही त्यांना घरच्यासारखं वागवतो' असंही तुम्ही लिहिलंय. त्यांचा चहाचा कप वेगळा नाही ना, एवढं आधी बघा.

आमच्याकडे आता महिन्याला चार पगारी सुट्ट्या ठरल्यात. आम्ही गावाला गेलो तरी पगार चालू राहतो, दिवाळीला एक महिन्याचा जादा, पाहुणे आले तर त्या कामाचे वेगळे पैसे, आणि वाढ दर जूनमध्ये, त्यांनी न मागता. बाईंनी किती मागितलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो आकडा आणि गेल्या तीन वर्षांत तुमचा स्वतःचा पगार किती वाढला तो आकडा, दोन्ही एका कागदावर लिहा आणि मग त्यांच्याशी बोलायला बसा.