रिकाम्या ठेवलेल्या दोन ओळी

जुलैचा दुसरा आठवडा होता. मालवणात मी मुलांना करिअरचा सल्ला देते. पाऊस असा लागला होता की टेबलावरचे कागदही मऊ पडले होते. देवगडहून बापलेक आली. मुलीला इथे मेघना म्हणते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. बारावीला पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र), नीटमध्ये गुण कमी, सीईटीत बरे. तिला बी.फार्म., म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची पदवी करायची होती. वडील आंबा बागायतदार. त्यांनी छत्री दाराशी टेकवली आणि बसायच्या आधीच विचारलं, "चार वर्सा शिकान शेवटी दुकानातच बसूचा ना? मगे डिप्लोमा काय वायट?"

दर जुलैत हा प्रश्न माझ्यासमोर येतो. डिप्लोमा वाईट नाहीच. औषधाचं दुकान चालवायचं असेल तर दोन-अडीच वर्षांत काम होतं.

पण मेघनाचं म्हणणं वेगळं होतं. तिचं आजोळ दोडामार्गात. मामाला काजूच्या बागेत काम करताना माकडताप झाला, म्हणजे जंगलातल्या गोचिडीमुळे होणारा विषाणूजन्य ताप. तो वाचला, पण डॉक्टरांनी सांगितलेलं एक वाक्य हिच्या डोक्यात बसलं: यावर नेमकं औषध नाही, लक्षणं सांभाळत राहायची. "कर्नाटकात हा आजार १९५७ मध्ये सापडला, आमच्याकडे २०१६ मध्ये आला. इतक्या वर्षांत औषध का नाही? मी शोधणार."

अशा वेळी पाठ थोपटण्याचा मोह होतो. पूर्वी मी तो आवरला नव्हता. एका मुलाला 'संशोधनात जा, नाव काढशील' म्हणून धाडलं होतं. तो एका कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत लागला आणि सहा महिन्यांत परत आला. "रोज तीच गोळी, तेच यंत्र, तेच रजिस्टर," म्हणाला. काम वाईट नव्हतं, मी रंगवलेलं चित्र खोटं होतं.

म्हणून मेघनाला आधी अवघड भाग सांगितला. नव्या औषधाचा रेणू प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर टिकला की माणसांवरच्या चाचण्या. पहिल्या टप्प्यात मोजके, बहुधा निरोगी स्वयंसेवक, दुसऱ्यात काहीशे रुग्ण, तिसऱ्यात शेकडो ते हजारो. माणसांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकालाच शेवटी परवानगी मिळते, आणि सुरुवातीपासून धरलं तर दहा-बारा वर्षं सहज जातात. माकडतापाचे रुग्ण एका जंगलपट्ट्यातले, तेही मुख्यतः जानेवारी ते मे. चाचणीला पुरेसे रुग्ण जमवायचे कसे, आणि खर्च भरून निघेल एवढा खप कुठून आणायचा? औषध नसण्यामागे हा हिशेबही असतो.

तिचा चेहरा उतरला. मी उतरू दिला.

मग उरलेली साखळी सांगितली. रेणूची गोळी करणारे फॉर्म्युलेशनवाले, ती मोजण्याच्या पद्धती बसवणारे, कच्चा माल तपासणारे, परवानगीची कागदपत्रं रचणारे, चाचण्यांवर देखरेख ठेवणारे, बाजारात गेल्यावर दुष्परिणामांच्या नोंदी गोळा करणारे. आपल्याकडच्या बहुतेक नोकऱ्या इथेच आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच नव्या रेणूच्या नाहीत, पेटंट संपलेल्या, म्हणजे जेनेरिक औषधांच्या आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातली लोटे किंवा गोव्यातली वेर्णा औद्योगिक वसाहत, फार लांब जायलाही नको.

"नुसती तपासणी?" वडील म्हणाले. त्यांना १९८६ सांगितलं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि १४ रुग्ण दगावले. दोन्ही पातळ, बिनरंगी, चवीला गोडसर. नुसतं बघून कळत नाही. ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजे साको. वरसून आंबो सोन्यासारखो, कापल्याशिवाय गावना नाय." साका म्हणजे हापूसच्या आतला बिघडलेला गर.

खर्चाचंही बोललो. बी.फार्म. चार वर्षं, आठ सेमिस्टर. कॉलेजला फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे का ते प्रवेशाआधी स्वतः बघायचं, एजंटच्या तोंडावर जायचं नाही. औषध घडवण्याकडेच जायचं तर एम.फार्म. जवळजवळ लागतंच. त्यासाठी जीपॅट ही परीक्षा. ती पार करून मान्यताप्राप्त कॉलेजात प्रवेश घेतला तर नियमांत बसणाऱ्याला एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती असते. आकडा ऐकून वडिलांनी पहिल्यांदा खुर्चीत पाठ टेकली. आठव्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट इंटरनेटवरून उतरवायचा नाही आणि सुट्टीत कारखान्यात प्रशिक्षण घ्यायचं, हे मेघनाला बजावलं. मुलाखतीत तेच उकरून काढतात.

पण तिला हे काम मानवेल का, ते मला अजून कळलं नव्हतं. कलचाचणी मी घेते, तरी यासाठी त्या चाचणीवर माझा फार भरवसा नाही.

मी तिला पंधरा दिवसांचं काम दिलं. औषधं किती टिकतात हे बघायला कंपन्या ती ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात सहा महिने ठेवतात. आपल्याकडे जुलैत अर्धं कपाट फुकट आहे, मिठालासुद्धा पाणी सुटतं. व्हिटॅमिन सीची एक पट्टी आण, पाच गोळ्या वाटीत उघड्या ठेव, पाच पट्टीतच राहू दे. रोज सकाळी आठला बघ आणि लिही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारून बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर नाही, पान फाडायचं नाही. कारखान्यातही हाच नियम असतो.

पंधरा दिवसांनी दोघं वही घेऊन आली. मी नोंदी वाचत गेले: 'चौथा दिवस, कडेला पिवळसर डाग.' 'सातवा, नखाने दाबल्यावर खूण उमटते. पट्टीतली कडक.' एका ठिकाणी 'तपकिरी' खोडून 'फिकट तपकिरी', शेजारी सही. आणि मध्ये १९ आणि २० तारखेसमोर काहीच नाही.

वडिलांनी बोट ठेवलं. "ह्ये दोन दिस रिकामे कित्याक?"

"आजोळाक लावणीक गेललंय. बघूक नाय, मगे काय लिवतलंय?"

अठरा आणि एकवीस तारखेच्या नोंदी बघून मधलं भरणं दोन मिनिटांचं काम होतं. मलाही ते कळलं नसतं. सहा महिन्यांत परत आलेल्या त्या मुलाला मी असली वही कधी दिलीच नव्हती.

मी वही मिटून तिच्याकडे दिली आणि प्रवेशफेरीत कॉलेजांचा क्रम कसा लावायचा ते सांगायला लागले. वडील थोडा वेळ ऐकत होते, मग मध्येच म्हणाले, "हॉस्टेलात मासे गावतत मां?"