कच्च्या कैदेतले दिवस माफीत धरायला हवेत का?

प्रश्न असा की खटला चालू असताना आत काढलेले दिवस शिक्षेच्या माफीत, म्हणजे रेमिशनमध्ये (शिक्षेत मिळणारी सूट), मोजावेत का. आधी एक घोळ सोडवू. ते दिवस शिक्षेतून वजा होतातच, जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) 428 आणि आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 468 कलम. पाच वर्षांची शिक्षा, दोन आधीच काढली तर उरली तीन. पण चांगल्या वागणुकीची आणि कामाची जी माफी मिळते ती दोषी ठरल्यावरच, कारण कच्च्या कैद्याला काम करायची सक्ती नसते.

माझं मत, धरायलाच हवेत. डिचोलीतल्या आमच्या शेजारच्या काकी दर महिन्याला कोलवाळ जेलमध्ये मुलाला भेटायला कपड्यांची पिशवी घेऊन जायच्या, खटला लांबत गेला आणि तारखेवर तारीख पडत राहिली, यात त्या पोराचा काय दोष? ज्याला जामीन परवडला तो बाहेर राहिला आणि नंतर आत जाऊन माफी कमावली, गरीब मात्र अर्धी शिक्षा माफीविना भोगून बसला.

जन्मठेपेचं गणित वेगळं हां, तिथे खुनासारख्या गुन्ह्यात 14 वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सुटका नाही. गोव्यातल्याच कैद्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2023 ला सांगितलं की त्या 14 वर्षांत पॅरोलचे दिवस धरायचे नाहीत. बाहेरचे दिवस धरत नाही, ठीक. मग आतले दिवस माफीसाठी का सोडायचे?