कॅथेड्रल नाही हो, पेठेतलं चर्च आहे ते!

प्रश्न: मुलगी फ्रान्समध्ये रुआँला शिकतेय, तिच्याकडे महिनाभर राहून आलो. तिच्या घराजवळ सँ माक्लू नावाचं चर्च आहे, इतकं कोरीव की मान अवघडेपर्यंत बघत बसलो. आमचे हे म्हणतात कॅथेड्रल आहे, मुलगी म्हणते नाही, आणि दोघांची मस्तानीची पैज लागलीय. शिवाय मागच्या बाजूला एक वाड्यासारखी जागा आहे, तिथे लाकडावर चक्क कवट्या कोरल्यात, ते काय प्रकरण आहे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: काकू, मस्तानी काकांच्या खिशातून! कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपची गादी असते ते, मग ते मोठं असो नाहीतर लहान. रुआँचं कॅथेड्रल तिथून चालत पाच मिनिटांवर आहे, मोनेने ज्याची तीसेक चित्रं काढली ना, तेच. सँ माक्लू हे पॅरिश चर्च, म्हणजे एका वस्तीचं, आपल्या भाषेत पेठेचं म्हणा. त्या वस्तीतल्या माणसाचा बाप्तिस्मा, लग्न, मयत सगळं तिथेच व्हायचं.

आता पेठेतल्या चर्चला एवढा थाट कशाला, तर त्याचं उत्तर पुणेकराला सांगायला नको. मानाचा गणपती हाकेच्या अंतरावर असला म्हणून शेजारचं मंडळ काय साधी आरास करतं का? तेच हे. कॅथेड्रल धर्मगुरूंच्या हातात, पण पॅरिश चर्चच्या पैशाचा कारभार तिथल्याच रहिवाशांची कमिटी बघायची, आणि या वस्तीत कापडाच्या धंद्यावर गब्बर झालेली घराणी होती. जागा मात्र पेठेतली, म्हणजे चिंचोळी, त्यामुळे लांबी वाढवता येईना, मग सगळी हौस उंचीत आणि कोरीव कामात फेडली, असं आपलं मला वाटतं.

काळही बघा कसला. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या जोन ऑफ आर्कला याच शहरात १४३१ ला जाळलं आणि १४३७ ला हे काम सुरू झालं, तेव्हा रुआँ इंग्रजांच्या ताब्यात होतं, ते १४४९ ला सुटलं. पिएर रोबँ नावाच्या वास्तुकाराने आराखडा केला आणि चर्चचा अभिषेक झाला १५२१ ला. म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षं! एवढ्या वर्षांत माणसं बदलली, फॅशन बदलली, तरी मूळ आराखडा कुणी फारसा बिघडवला नाही म्हणून सगळं एका हाताचं वाटतं. कॅथेड्रलचे पुढचे दोन मनोरे बघा, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

या शैलीला फ्लँबॉयंट गॉथिक म्हणतात. गॉथिक म्हणजे युरोपातली मध्ययुगीन, टोकदार कमानींची बांधणी आणि फ्लँबॉयंट म्हणजे ज्वाळांसारखी. खिडकीच्या वरच्या भागातली दगडी जाळी नीट बघितलीत तर दिव्याच्या ज्योती वाऱ्यावर हलल्यासारखी वळणं दिसतील. पुढच्या पाच कमानी सरळ रेषेत नाहीयेत, धनुष्यासारख्या बाहेर फुगवल्यात, त्यामुळे समोर उभं राहिलं की चर्च आपल्याकडे पुढे सरकल्यासारखं वाटतं. आणि बाहेरून भिंतींना टेकलेल्या अर्ध्या कमानी आहेत ना, त्या नुसती नक्षी नाहीत बरं का. आतलं दगडी छत भिंतींना बाहेर ढकलत असतं, तो रेटा या कमानी बाहेरच्या जाड खांबांवर नेऊन सोडतात, म्हणून तर भिंती फोडून एवढ्या मोठ्या खिडक्या करता आल्या. लाकडी दारं नंतरची, सोळाव्या शतकातली, ती जाँ गुजाँ या शिल्पकाराची मानतात. वरचा दगडी सुळका तर एकोणिसाव्या शतकातला आहे, तेव्हा काकांना तो सोळाव्या शतकातला म्हणून पुन्हा पैज लावू देऊ नका.

तुमची वाड्यासारखी जागा म्हणजे एत्र सँ माक्लू, या वस्तीचं जुनं कब्रस्तान. १३४८ ला प्लेग आला आणि इतकी माणसं गेली की पुरायला जागा कमी पडायला लागली. पुढे सोळाव्या शतकात पुन्हा साथ आली तेव्हा चौकाभोवती लाकडी सांगाड्याच्या इमारती बांधल्या आणि जुनी थडगी उकरून हाडं वरच्या माळ्यावर रचली, म्हणजे चौक नवीन मढ्यांसाठी मोकळा. कवट्या, हाडं, फावडी, शवपेट्या हे सगळं त्या तुळयांवर कोरलंय. मध्ये चौक, भोवती लाकडी काम, वर माळा, त्यामुळे तुम्हाला वाडा आठवला यात काही नवल नाही. १८९७ च्या प्लेगच्या गोष्टी आपल्याकडे घरोघरी ऐकलेल्या असतात, मला तर ते वाचताना त्याच आठवल्या. आणि हो, भिंतीत सापडलेली वाळलेली मांजर काचेमागे ठेवलीय, ती बघायची राहिली असेल तर मुलीला फोटो पाठवायला सांगा.

१९४४ च्या बॉम्बहल्ल्यात चर्चची फार पडझड झाली, दुरुस्ती होऊन ते पुन्हा उघडायला १९८० उजाडलं.

प्रश्न: फ्रान्समध्ये सरकार आणि धर्म वेगळे आहेत म्हणतात, मग अशा जुन्या चर्चच्या डागडुजीचा खर्च कोण करतं?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: प्रश्न पेठेला शोभेसा! १९०५ च्या कायद्याने सरकार धर्मापासून वेगळं झालं, पण त्याआधीची बहुतेक पॅरिश चर्चेस तिथल्या नगरपालिकेच्या मालकीची झाली आणि कॅथेड्रल्स बहुतेक केंद्र सरकारची. पाद्री आणि भाविक ती फुकट वापरतात, छत गळलं की बघायचं मालकाने. म्हणजे रुआँत कॅथेड्रलची तक्रार पॅरिसला आणि सँ माक्लूची महापालिकेत.

प्रश्न: तिकिटाचे पैसे नाहीत, पुण्यातच फ्रेंच गॉथिकची चव घ्यायची तर कुठे जाऊ?
– एक विद्यार्थी, फर्ग्युसन रोड

उत्तर: कॅम्पात जीपीओजवळ सेंट पॉल्स चर्च आहे, १८६७ चं. पॅरिसच्या सँत शापेलवरून ते बेतलंय असं सांगतात. सँत शापेल हे पॅरिश चर्च नव्हे, राजाचं खासगी प्रार्थनाघर, १२४८ ला अभिषेक झालेलं. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून बघ, मग जा. प्रार्थना चालू असेल तर आत मोबाईल काढू नकोस.